तो वीट आणि ती वीट

मगदूम सरांना कशाकशाचा वीट येई हे सांगत बसले तर दिवस पुरायचा नाही. त्यापेक्षा कशाचा येत नसे ते सांगणं सोपं आहे. शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी, नीट चकाकणारं सोल्डरिंग, आणि "मला येत नाही" असं तोंडावर सांगणारं पोरगं. एवढं सोडलं तर उरलेलं जग त्यांच्या लेखी ओंगळ होतं. फळ्यावरचा अर्धवट पुसलेला खडू ओंगळ, कॅन्टीनचा चहा ओंगळ, आमच्या वह्यांची कव्हरं ओंगळ. राग फारच अनावर झाला की ते मराठी सोडून कानडीत शिरत आणि नाक मुरडून म्हणत, "हेसिगे!" किळस या अर्थाचा तो शब्द त्यांच्या तोंडून असा काही निघे की समोरच्याला आपले हात धुवावेसे वाटत.

बेळगावातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये ते आम्हाला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. पूर्ण नाव बाळगोंडा मगदूम. निपाणीच्या अलीकडच्या एका गावातलं शेतकरी जैन घराणं. लग्न केलेलं नव्हतं. टिळकवाडीत एका बंगल्याच्या मागच्या बाजूला दोन खोल्या घेऊन राहायचे. सूर्य मावळल्यावर तोंडात घास घालायचा नाही हा नियम त्यांनी कधी मोडला नाही, त्यामुळे आमच्या लॅबची वेळ घड्याळावर नसून उन्हावर होती. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून ऊन उतरायला लागलं की सर हातातली सोल्डरिंगची बंदूक खाली ठेवत. मग कुणाचं काम कितीही अर्ध्यावर असो, त्यांची पावलं घराकडं वळलेली असत. थंडीच्या दिवसांत तर आम्ही लॅबमध्ये येऊन बसतो न बसतो तोच सूर्य घात करायचा.

मी बेळगावजवळच्या कंग्राळीची. आमच्या घरी मी कॉलेजात काय शिकते ते कुणालाच नीट कळत नव्हतं, आणि पहिल्या वर्षी मलाही कळत नव्हतं. मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढा कॉम्प्युटर, त्यात आपण प्रोग्राम घालायचा आणि मग तो दिवा लावतो, मोटर फिरवतो, एवढंच ऐकून होते. बाजारात अशा चिपा ढिगानं. मी मोबाइलवर व्हिडिओ बघबघून डोकं फिरवून घेतलं. एक जण म्हणे ही घ्या, हिची मेमरी मोठी. दुसरा म्हणे ती कालबाह्य झाली, ही घ्या, हिचा वेग बघा. शेवटी एक दिवस धीर करून लॅबमध्ये सरांसमोर उभी राहिले आणि नवशिक्यानं कुठली चिप घ्यावी असं विचारलं.

सरांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्या चहात बोट घातलं होतं.

"ते ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "शिरायचं कुठनं?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी टेबलावर तीन चिपा मांडल्या. पहिली आमच्या अभ्यासक्रमातली, चाळीस पायांची, जुनी. तिच्यात प्रोग्राम घालायचा तर दर वेळी ती बोर्डातून उपसायची, दुसऱ्या यंत्राच्या जबड्यात बसवायची, आणि परत आणून रोवायची. एवढ्यात एखादा पाय मोडतोच. दुसरी एका निळ्या बोर्डावर बसलेली, मोबाइलच्या चार्जरसारखी वायर लावली की काम झालं. तिसरी मुंगळ्याएवढी, सगळ्यांत हुशार, पण तिच्यात शिरायला दोन तारांचं वेगळं उपकरण लागे आणि ते उपकरण आख्ख्या कॉलेजात एकट्या सरांकडं. चिप निवडायची नसते, तिच्यात शिरायची वाट निवडायची असते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या वडिलांनी म्हणे एकदा दूध बघून भली थोरली म्हैस आणली आणि ती गोठ्याच्या दारातून आतच जाईना. शेवटी भिंत पाडली. मेमरी बघून चिप घेणारे सगळे आपल्या वडिलांच्या जातीचे, असं सर सांगायचे.

"तुझ्या शेजारणीकडं जी हाय ती घे," त्यांनी मला शेवटी सांगितलं. "अडलं की तिला विचारता येतंय. माझ्याकडं सारखं यायचं न्हाय. मला वीट येतोय."

हा सल्ला त्यांनी किती जणांना दिला असेल कोण जाणे. मी आज उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हेच काम करते आणि नव्यानं आलेल्या पोरांना हेच सांगते, फक्त शेवटचं वाक्य गाळून.

"शिरायचं कुठनं?" हे सरांचं पालुपद होतं. कुणी नवा मोबाइल दाखवला, कुणाच्या भावानं फ्लॅट घेतला, गणपतीत कुणी भला मोठा मंडप घातला, सरांचा प्रश्न ठरलेला. आम्ही मागच्या बाकावर त्यांची नक्कल करायचो. नक्कल सगळ्यांत चांगली करायचा तो अभिनंदन, कारण तो त्यांचा सख्खा पुतण्या होता आणि त्यांच्याच घरात राहायचा.

सरांच्या थोरल्या भावानं, म्हणजे आण्णांनी, पोराला मोठ्या विश्वासानं त्यांच्याकडं ठेवलं होतं. अभिनंदन हसरा, गोरागोमटा, लाडात वाढलेला. तो बाकावर माझ्या शेजारी बसायचा. सरांना तो आप्पा म्हणायचा. घरात आप्पांकडून फुकट शिकवणी मिळत असेल तुला, असं मी एकदा त्याला चिडवलं. तर तो हसत हसत म्हणाला, की एकदा जेवताना त्यानं चिपबद्दल काहीतरी विचारलं होतं, आप्पा म्हणाले ते वर्गात विचार, घरी मला वीट आलेला असतोय. आम्ही दोघंही त्यावर पोट धरून हसलो होतो.

वर्गातली पहिली वीट त्याचीच झाली. हा आमच्या धंद्यातला शब्द. चिपच्या आत काही सूक्ष्म स्विच असतात. प्रोग्राम घालताना त्यातला एक चुकीचा दाबला, की प्रोग्राम घालायचं दारच आतून बंद होतं. चिप मेलेली नसते, पण तिच्यात शिरता येत नाही. टेबलावर नुसती पडून राहते, म्हणून पोरं म्हणतात, वीट झाली. अभिनंदनच्या चिपची अशी वीट झाली आणि कुणीतरी ते ओरडून सरांना सांगितलं.

सर आले. त्यांनी चिप उचलून उजेडात धरली, जणू तिला वास येत होता.

"हिची झाली ती वीट, आणि मला आला तो वीट," ते म्हणाले. "ती वीट आली तर घर उभं ऱ्हातंय. तो वीट आला तर घर मोडतंय. लिंग सांभाळत जावा रं."

वर्ग खदखदून हसला. अभिनंदन हसला नाही. तशा चिपवर उपाय होता आणि तो सरांकडं होता. एरवी चिपला पाच व्होल्ट पुरतात, पण तिच्या एका पायावर बारा व्होल्ट दिले की बंद दार उघडतं. सरांनी त्यासाठी स्वतः एक पेटी बनवलेली होती. अट एकच. आपण काय केलं ते आपल्या तोंडानं सांगायचं. कुठला स्विच दाबला, का दाबला, काय समजून दाबला. सांगितलं की सर तिथल्या तिथं चिप जिवंत करून देत, एक अक्षर वेडंवाकडं न बोलता.

"काय केलंस ते सांग," त्यांनी अभिनंदनला विचारलं. तो मान खाली घालून उभा राहिला. वर्गासमोर, काकासमोर, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. सरांनी थोडा वेळ वाट बघितली आणि ती चिप खिडकीतल्या थर्माकोलच्या तुकड्यात खोचून टाकली. पुढं आमच्यापैकी पुष्कळांच्या चिपा तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि कबुली देऊन सुटून आल्या. अभिनंदनची तिथंच राहिली. तो मागायला गेला नाही आणि सरांनी बोलावलं नाही.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करायचा असतो. इथून पुढचं लिहिताना माझ्याही तोंडाला कडू चव येते. कॉलेजच्या आसपास तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानं असतात. पैसे मोजा, प्रोजेक्ट न्या, सोबत छापील रिपोर्ट. त्या वर्षी आमच्या वर्गाला अचानक अंधांचा कळवळा आला. मी सोडून जो तो अंधांसाठी सेन्सर लावलेली काठी घेऊन आला. समोर भिंत आली की काठी कुईकुई करायची. सगळ्या काठ्या एकाच दुकानातल्या, सगळ्यांवर तारा चिकटवायला गरम गोंदाचे तेच पिवळट ओघळ. सर त्या गोंदाला शेंबूड म्हणायचे. परीक्षेच्या दिवशी लॅबमध्ये एवढ्या काठ्या एकदम ओरडत होत्या, की बाहेरून आलेले परीक्षक कानात बोट घालून चहाला निघून गेले.

प्रोजेक्ट पास व्हायला सरांची सही लागे. सरांनी काठीवाल्या सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली. काठीवरचा दिवा जरा सावकाश लुकलुकू दे. प्रोग्राम बदल आणि परत घाल.

कुणालाही जमलं नाही, आणि जमणार नव्हतंच. नक्कल होऊ नये म्हणून दुकानदार चिपला आतून कुलूप घालतो. कुलूप काढता येतं, पण काढताना आतलं सगळं पुसलं जातं. पोरं आपल्याच प्रोजेक्टच्या दारात उपऱ्यासारखी उभी होती. सर एकेक काठी उलटी करत, "शिरायचं कुठनं?" विचारत, आणि खाली ठेवून रुमालानं बोटं पुसत. असं करत करत ते अभिनंदनपाशी आले. त्याच्याही हातात काठीच होती.

त्यांनी ती नुसती बघितली. उलटी केली नाही, प्रश्न विचारला नाही. फक्त म्हणाले, "हेसिगे." आणि बाकीच्यांसारखीच त्याचीही सही न करता पुढं गेले.

पुढचा आठवडा कॉलेजात नुसता चिखल होता. पालक आले, संस्थेचे लोक आले. प्रिन्सिपॉलांनी सरांना समजावलं, की सगळीकडं असंच चालतं, एका सहीनं काय बिघडतं. आण्णा स्वतः गावाहून आले. अभिनंदनला एका कंपनीनं निवडलेलं होतं, ती नोकरी या सहीवर अडली होती. आण्णा व्हरांड्यात धाकट्या भावाशी कानडीत हळू आवाजात पुष्कळ वेळ बोलले. शेवटी सरांनी मान हलवली, नाही म्हणून. आण्णांनी पोराची बॅग टिळकवाडीच्या खोलीतून त्याच दिवशी उचलली.

मग संस्थेनं सहीचा अधिकार दुसऱ्या एका प्राध्यापकांना दिला. त्यांनी एका दुपारीत सगळ्या काठ्या पास करून टाकल्या, अभिनंदनची सोडून. ज्याला सख्ख्या काकानं नाकारलं त्याला आपण कशाला पास करायचं, उद्या आपल्यावरच यायचं, असा त्यांचा हिशेब. म्हणजे आख्ख्या वर्गात नापास एकच झाला, आणि तो सरांच्या घरातला. नोकरी गेली. सरांकडून लॅबही काढून घेतली आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना ड्रॉइंगच्या रेघा शिकवायला बसवलं. मला त्या कॉलेजची किळस आली, त्या दुकानाची आली, काठ्या घेऊन पेढे वाटत फिरणाऱ्या माझ्या वर्गाची आली. आणि खरं सांगायचं तर सरांचीही आली. माझा प्रोजेक्ट मी स्वतः केलेला होता, त्यांनी तो शाबासकी देऊन पास केला होता, तरी ती शाबासकी मला घ्यावीशी वाटेना. अभिनंदन परत कॉलेजात आलाच नाही.

सर निवृत्त झाले तेव्हा मी समारंभाला गेले होते. शाल, श्रीफळ, भाषणं. ज्यांनी काठ्यांवर सह्या केल्या होत्या त्याच गृहस्थांनी सरांच्या तत्त्वनिष्ठेवर गळा दाटून येईपर्यंत भाषण केलं. उत्तराला सर उठले, माइक हातात घेतला, तो ओंगळ वाटला म्हणून रुमालात धरला, आणि म्हणाले, "मला वीट आलाय. नमस्कार." एवढं बोलून बसले. लोकांना तो विनोद वाटला आणि टाळ्या पडल्या.

सरांची एक रीत मात्र मी कॉलेज सोडल्यावरही सुटली नव्हती. जैनांचं दहा दिवसांचं पर्व संपलं की क्षमेचा दिवस येतो. वर्षभरात जाणता अजाणता ज्याला ज्याला दुखावलं त्याची त्या दिवशी हात जोडून क्षमा मागायची. सर त्या दिवशी सकाळपासून फोन घेऊन बसायचे आणि जुन्या विद्यार्थ्यांना एकेक करून लावायचे. आवाज तोच, वैतागलेला. "उत्तम क्षमा गं. काय बोललो असलो तर." मी काही म्हणायच्या आत फोन बंद, कारण रांगेत पुढची माणसं असायची. ज्या माणसाला रोज सगळ्यांची शिसारी येते त्याला हा दिवस फार जड जात असणार. एक फोन ते दर वर्षी आण्णांना लावत. तो उचलला जात नसे.

गेल्या वर्षी त्या दिवशी त्यांचा फोन आला तो वेगळाच. क्षमा वगैरे काही नाही. "गाडी हाय न्हवं तुझी?" असं विचारलं, आणि आण्णांकडं जायचंय म्हणाले. दुपारी मी टिळकवाडीत पोचले तर सर पांढरे कपडे घालून फाटकात उभे. खूप वाळले होते. गाडीत बसल्यावर त्यांनी सीटवरची धूळ बघितली, ओठ हलवले, पण बोलले नाहीत, बहुधा दिवस लक्षात घेऊन. संकेश्वर मागं पडलं. गावाची कमान दिसली तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाले, "शिरायचं कुठनं गं?"

"दारातनं, सर," मी म्हटलं. ते हसले नाहीत.

घरासमोर गाडी थांबवली आणि मला वाटलं आता ते परत फिरायला सांगणार. पुढच्या खोलीवर पाटी होती. वर मोठ्या अक्षरांत कानडी, खाली बारीक मराठी. अभिनंदन इलेक्ट्रॉनिक्स, सर्व प्रकारचे प्रोजेक्ट तयार मिळतील. आत टेबलावर काठ्याच काठ्या, आणि त्यांच्यामागं जाडसर झालेला अभिनंदन, हातात गोंदाची बंदूक. त्यानं आम्हाला बघितलं आणि मान खाली घालून काम चालू ठेवलं. एवढं सगळं होऊन, शेवटी हे.

सर त्याच्यावरून पुढं बैठकीच्या सोप्यापर्यंत गेले. आण्णा खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. सरांनी चपला काढल्या, पण उंबरा ओलांडला नाही. बाहेरूनच हात जोडले आणि म्हणाले, "उत्तम क्षमा, आण्णा."

आण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. "कशाची?" त्यांनी विचारलं. "काय केलंस ते सांग."

मी मागं उभी होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना घातलेली अट त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली होती, आणि आण्णांना त्याची काही कल्पना नव्हती.

"सही केली न्हाय, त्याची न्हाय," सर म्हणाले. "पोरगं माझ्या घरात होतं. साऱ्या गावच्या पोरांना शिकवलं. ह्याला म्हटलं, मला वीट आलाय. त्याची."

पुढच्या खोलीतला गोंदाच्या बंदुकीचा आवाज थांबला होता. आण्णांनी वर्तमानपत्राची घडी केली, ती मांडीवर ठेवली, आणि आत बघून म्हणाले, "बाळगोंडा आलाय. ताट वाढा, ऊन उतरलंय."

सरांनी उंबरा ओलांडला. आत मात्र ते लगेच गेले नाहीत. वळून पुढच्या खोलीत आले, टेबलावरची एक काठी उचलली, नेहमीसारखी नाकाजवळ नेली. मी मनात म्हटलं, आता हेसिगे येणार आणि सगळं परत मुसळ केरात. त्यांच्या नाकपुड्या फुगल्याही होत्या. पण त्यांनी स्टूल ओढलं आणि पुतण्याच्या शेजारी बसले.

"शिरायचं कुठनं?" त्यांनी विचारलं.

अभिनंदननं त्यांच्या हातातली काठी घेतली, नखानं गोंद खरवडून काढला, आणि खाली दडलेली, प्रोग्राम घालायच्या सहा पायांची बारीक रांग दाखवली.

"हितनं, आप्पा," तो म्हणाला.

दोघांची डोकी त्या बोर्डावर वाकली. आतून दोनदा जेवायला हाक आली, सरांनी तिकडं न बघता हात वर करून थांबायला सांगितलं. मला बेळगावला परतायचं होतं, म्हणून मी आण्णांना सांगून निघाले. गाडी वळवताना खिडकीतून दिसलं, अभिनंदननं दिवा लावला होता, उसाच्या फडामागं सूर्य गेला होता, आणि सोप्यात सरांचं ताट झाकून ठेवलेलं होतं.